ईआरसी: १०५-सी पत्र आलंय, भांडायचं की सोडून द्यायचं? (अमेरिकेतले छोटे व्यावसायिक)

ओवरी:
अमेरिकेत रेस्टॉरंट, दुकान, क्लास चालवणाऱ्या आणि त्यांच्या वह्या सांभाळणाऱ्या मंडळींसाठी हा धागा. विषय कोविडकाळातला एम्प्लॉयी रिटेन्शन क्रेडिट, म्हणजे ईआरसी: सरकारी आदेशाने धंदा अडला किंवा विक्री घसरली तरी कामगारांना पगार देत राहिलेल्या मालकांना मिळणारी करसवलत. समोर असलेली केस अशी:

न्यू जर्सीतलं रेस्टॉरंट, एस कॉर्पोरेशन (नफ्यावरचा कर मालक स्वतःच्या रिटर्नमध्ये भरतात अशी कंपनी). नवरा ७० टक्के, बायको ३० टक्के मालक. १४ कामगार, बरेचसे पार्ट टाइम, आठवड्याचा पगार सगळे मिळून ५,००० डॉलरच्या आसपास. एका कमिशनवाल्या कंपनीने २०२० च्या दुसऱ्या तिमाहीपासून २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंत सहाही फॉर्म ९४१-एक्स (पगारावरच्या कराच्या तिमाही फॉर्म ९४१ ची दुरुस्ती) भरले. पहिले पाच फॉर्म नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले, शेवटचा नंतर. २०२० चे आणि २०२१ च्या पहिल्या तिमाहीचे चेक येऊन वटले. २०२१ च्या दुसऱ्या तिमाहीला आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याचं, १०५-सी हे नकाराचं पत्र आलं, तारीख १२ ऑगस्ट २०२४. त्यावर अजून काहीच उत्तर गेलेलं नाही. तिसऱ्या तिमाहीचंही नकाराचं पत्र नुकतंच आलंय.

प्रश्न तीन. दुसऱ्या तिमाहीसाठी लढण्यात अर्थ आहे का? तिसरीचं काय? आणि आलेल्या पैशांवर इन्कम टॅक्स कुठल्या वर्षी?

मोगरा_टेक्सास:
२०२० च्या तिमाह्यांची मुदत १५ एप्रिल २०२४ ला संपली, २०२१ च्या तिमाह्यांची १५ एप्रिल २०२५ ला. आता नवा क्लेम होत नाही. मग उरतं काय?

खातेवही:
@मोगरा, नवा क्लेम होत नाही हे बरोबर. पण मुदतीत गेलेला क्लेम जिवंत असतो, आणि नाकारलेल्या क्लेमला स्वतःची वेगळी मुदत असते. १०५-सी वर जी तारीख छापलेली असते तिच्यापासून दोन वर्षांत कोर्टात दावा लावावा लागतो. म्हणजे या केसमध्ये १२ ऑगस्ट २०२६.

इथे बहुतेक लोक फसतात. अपील ऑफिसकडे विरोधपत्र गेलं की घड्याळ थांबलं असं त्यांना वाटतं. ते थांबत नाही. अपिलाचा निकाल यायच्या आत दोन वर्षं उलटली, तर अपील ऑफिसला पटलं तरी पैसे देता येत नाहीत. मुदत वाढवायची असेल तर फॉर्म ९०७ लागतो, आणि त्यावर दोन वर्षं संपायच्या आत तुमची आणि आयआरएसची, दोघांच्या सह्या व्हाव्या लागतात. नुसता पाठवून ठेवला तर उपयोग नाही. @ओवरी, बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हा फॉर्म पाठवा.

शेगडी:
पत्र कोणत्या कारणाने आलंय ते लिहा. १०५-सी मध्ये कारणाचा परिच्छेद वेगवेगळा असतो: त्या तिमाहीचं मूळ ९४१ च नाही, मुदतीनंतर क्लेम, धंदा त्या वेळी सुरूच नव्हता, सरकारी आदेशाचा परिणाम दिसत नाही, वगैरे. कारण कळल्याशिवाय उत्तर लिहिणं म्हणजे अंधारात दगड.

ओवरी:
दुसऱ्या तिमाहीच्या पत्रात सरकारी आदेशामुळे धंदा बंद किंवा अंशतः बंद असल्याचा पुरावा नाही असं आहे. ९४१-एक्सच्या ओळ ४३ मध्ये कंपनीने दोन वाक्यं लिहिली आहेत: कोविडच्या आदेशांमुळे काम थांबलं, आणि पुरवठा साखळी विस्कळीत झाली. बस्स. 'पेड प्रिपेअरर'चा रकाना कोरा आहे.

खातेवही:
तो रकाना कोरा असणं ही त्या कंपन्यांची ठरलेली खूण. २०-२५ टक्के घ्यायचे आणि सही करायची नाही. फॉर्म २८४८ वर त्यांना मुखत्यारी दिली असेल तर त्याच्या प्रतीवर पहिल्या पानावर ठळक 'रिव्होक' लिहून, सही-तारीख करून पाठवा, नाहीतर पत्रांच्या प्रती त्यांच्याकडे जात राहतील.

ओळ ४३ मात्र गंभीर आहे. रिफंडच्या खटल्यात मूळ क्लेममध्ये न मांडलेला आधार नव्याने उचलता येत नाही, असा नियम आहे. म्हणून विक्रीतल्या घटीचा मुद्दा असेल तर तो आत्ताच, आयआरएसकडे प्रकरण असतानाच, आकड्यांसह लेखी मांडायला हवा. आणि पुरवठा साखळीचा मुद्दा वगळाच. पुरवठादारालाच सरकारी आदेशाने बंद ठेवलं होतं आणि दुसरीकडून माल मिळतच नव्हता, हे कागदावर दाखवता आलं नाही तर तो टिकत नाही. आयआरएसच्या वकिलांचं जुलै २०२३ चं टिपण याच विषयावर आहे.

शेगडी:
आदेशांच्या तारखा लिहून ठेवते, न्यू जर्सीतल्या सगळ्यांच्या कामाला येतील. बसून जेवण बंद: १६ मार्च २०२० रात्री ८ पासून. बाहेर टेबलं लावायला परवानगी: १५ जून २०२०. आत बसणं २५ टक्के: ४ सप्टेंबर २०२०. ३५ टक्के: ५ फेब्रुवारी २०२१. ५० टक्के: १९ मार्च २०२१. टक्केवारीची मर्यादा उठली: १९ मे २०२१.

आता मुख्य गोष्ट. आदेशाच्या आधारावर क्लेम असेल तर पूर्ण तिमाहीचा पगार धरता येत नाही, आदेश लागू होता तेवढ्याच दिवसांचा धरायचा. दुसऱ्या तिमाहीत १ एप्रिल ते १८ मे, म्हणजे ४८ दिवस. कंपनीने बहुधा पूर्ण १३ आठवडे लावले असणार.

ओवरी:
हो, पूर्ण १३ आठवडे.

परातभर:
@शेगडी, १८ मे वर थांबू नका. १९ मे ला टक्केवारी गेली पण आत दोन टेबलांत सहा फुटांचं अंतर २८ मे पर्यंत सक्तीचं होतं. म्हणजे २७ मे धरता येईल.

शेगडी:
सरसकट नाही. अंतराच्या नियमामुळे सेवा द्यायच्या क्षमतेत किमान १० टक्के घट झाली हे दाखवावं लागेल. आयआरएसच्या नोटीस २०२१-२० मध्ये हा दहा टक्क्यांचा निकष आहे. मोठा हॉल असेल आणि टेबलं आधीच लांब लांब असतील तर काहीच घट नाही.

परातभर:
मान्य, म्हणूनच बसण्याचा नकाशा काढायचा. फायर मार्शलने दिलेली कमाल संख्येची पाटी दारापाशी असतेच, तिचा फोटो. मग आलेखाच्या कागदावर हॉल मोजून काढा, एक चौकोन म्हणजे एक फूट. टेबलं आधी होती तशी एका कागदावर, सहा फूट सोडून दुसऱ्यावर. ६४ खुर्च्यांच्या हॉलमध्ये चार-चारची टेबलं असतील तर सहा फुटांच्या हिशोबात ४० खुर्च्या राहणंही कठीण जातं. हा कागद, त्या आठवड्यातले जुने फोटो आणि आदेशाची प्रत एकत्र लावली की मुद्दा उभा राहतो. नुसतं 'अंतर पाळावं लागलं' लिहून काही होत नाही.

वडापाव_एडिसन:
+१. फोनमधले फोटो उडवू नका, त्यांच्यावर तारीख असते.

कढीलिंब:
पण टेकआउट तर चालू होतं ना सगळ्यांचं? मग 'अंशतः बंद' कसं?

शेगडी:
@कढीलिंब, बंद झालेला भाग किती मोठा होता ते बघायचं. २०१९ च्या त्याच तिमाहीत एकूण विक्रीतली किमान १० टक्के, किंवा कामाच्या एकूण तासांतले किमान १० टक्के, बसून जेवणाऱ्यांकडचे असतील तर पुरे. टेकआउट चालू असल्याने बाधा येत नाही. ज्यांचं काउंटरवरून पार्सलच चालतं आणि दोन स्टूल आहेत, त्यांचं मात्र अवघड.

याच निकषावर किराणा दुकानं बाद होतात. ती अत्यावश्यक म्हणून उघडीच होती. आत चाटचा काउंटर होता, तो आदेशाने बंद झाला आणि त्याची विक्री दहा टक्क्यांवर होती, तर गोष्ट वेगळी. आयटी कन्सल्टिंगवाल्यांनीही बरेच क्लेम केले. घरून तेच काम तसंच होत असेल तर आदेशाने धंदा अडला असं म्हणता येत नाही.

डलासकर:
मंडळी, सगळे आदेशातच अडकलात. विक्रीची वही उघडा की. २०२१ साठी नियम सोपा आहे: तिमाहीची विक्री २०१९ च्या त्याच तिमाहीच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असली की तिमाही पात्र, आणि मग पूर्ण १३ आठवडे मिळतात. आदेश, नकाशा, फोटो कशाचीच गरज नाही. (२०२० साठी ५० टक्क्यांच्या खाली जावं लागत होतं, आणि ८० टक्के ओलांडलेल्या तिमाहीपर्यंत पात्रता चालू राहायची.)

शिवाय २०२१ मध्ये एक पर्याय होता, तो बहुतेकांनी वापरलाच नाही. चालू तिमाही पात्र नसेल तर लगेच आधीच्या तिमाहीची तुलना लावता येते. @ओवरी, आकडे द्या.

ओवरी:
पहिली तिमाही: २०१९ मध्ये २,३०,००० आणि २०२१ मध्ये १,४२,०००.
दुसरी: २,४०,००० आणि २,२४,०००.
तिसरी: २,४५,००० आणि २,२८,०००.

डलासकर:
दुसरी स्वतःच्या बळावर ९३ टक्के, नापास. पण पहिली तिमाही ६२ टक्क्यांच्या आत आहे. पर्याय लावला की दुसरी पूर्ण तिमाही पात्र. १०५-सी ला उत्तर हेच. दोन्ही वर्षांचे नफा-तोटा पत्रक, पीओएसचे (बिलिंग मशीनचे) मासिक रिपोर्ट, फॉर्म ११२०-एस (कंपनीचं आयकर रिटर्न), आणि वर एका पानाचा हिशोब.

विक्री मोजताना दोन्ही वर्षं एकाच पद्धतीने मोजा. २०१९ ची पीओएसवरून आणि २०२१ ची बँकेत जमा झालेल्या रकमेवरून असं केलंत तर डिलिव्हरी अ‍ॅपचं कमिशन वजा होऊन २०२१ ची विक्री खोटीच कमी दिसते. कमिशन हा खर्च आहे, विक्री त्याच्या आधीची. ग्राहकाकडून गोळा केलेला सेल्स टॅक्स विक्रीत धरू नका. आणि मालकांचं दुसरं एखादं दुकान असेल आणि त्यातही त्यांचा ५० टक्क्यांहून जास्त वाटा असेल, तर दोन्हींची विक्री एकत्र धरावी लागते.

खातेवही:
२०२१ ची दुसरी तिमाही अचानक २,२४,००० वर कशी गेली? निम्मा काळ तर बसायला ५० टक्क्यांचीच परवानगी होती. त्यात पीपीपीची (कोविडकाळात पगारासाठी मिळालेल्या सरकारी कर्जाची) माफी धरली आहे का?

ओवरी:
पाहिलं. हो. २०२० चं ५४,००० चं पीपीपी कर्ज मे २०२१ मध्ये माफ झालं, ते 'इतर उत्पन्न' म्हणून त्याच तिमाहीत टाकलंय.

खातेवही:
ते वगळता येतं. रेव्हेन्यू प्रोसिजर २०२१-३३ नुसार पीपीपीची माफी आणि रेस्टॉरंट रिव्हायटलायझेशन फंडाचं अनुदान ईआरसीच्या विक्री चाचणीतून काढण्याची मुभा आहे. अट एवढीच की सगळ्या तिमाह्यांना आणि एकत्र धरलेल्या सगळ्या धंद्यांना तोच नियम लावायचा. म्हणजे दुसरी तिमाही १,७०,०००, २०१९ च्या ७१ टक्के. आधीच्या तिमाहीचा आधार न घेताही पात्र! दोन्ही मुद्दे लिहा, एक मुख्य आणि दुसरा पर्यायी.

आणि मग तिसरी तिमाहीही, दुसरीचा आधार घेऊन, पात्र ठरते. पण तिथे वेगळाच घोळ आहे, त्याकडे येतो.

ताकभात:
रक्कम किती सुटते? एका कामगाराचा हिशोब कोणी मांडेल का?

पगारपत्रक:
आचारी, आठवड्याला ६०० डॉलर, तिमाहीला ७,८००.

२०२० मध्ये पूर्ण वर्षाला माणशी १०,००० डॉलर पगाराच्या ५० टक्के. दुसऱ्या तिमाहीत ७,८०० चे ३,९००. तिसरीत मर्यादेतले २,२०० उरतात, त्याचे १,१००. चौथीत शून्य. एकूण ५,०००, याच्या वर नाही. चौथ्या तिमाहीतही पूर्ण पगार लावलेले फॉर्म दिसतात, ते उघड चूक असतात.

२०२१ मध्ये दर तिमाहीला १०,००० च्या ७० टक्के. ७,८०० चे ५,४६०. आदेशाच्या ४८ दिवसांवर थांबलात तर साधारण सात आठवडे, ४,२०० चे २,९४०. विक्रीची चाचणी का लावायची ते यावरून कळेल.

वेटरची टिप पेरोलमधून गेली असेल आणि महिन्याला २० डॉलर किंवा जास्त असेल तर तीही पगारात धरतात. मालक भरत असलेला आरोग्यविम्याचा हप्ताही. ९४१-एक्सवर पगार ओळ ३० वर, विमा ३१ए वर, आणि क्रेडिटचे दोन तुकडे १८ए आणि २६ए वर.

आता पीपीपी. एकाच पगारावर दोन्ही फायदे नाहीत. समजा माफीच्या अर्जात २४ आठवड्यांचा १,२०,००० पगार दाखवला आणि कर्ज ५४,०००. अर्जात फक्त पगारच दाखवला असेल तर ५४,००० अडकले, ६६,००० मोकळे. भाडं-वीज ४० टक्क्यांपर्यंत अर्जात दाखवलं असतं तर ३२,४०० च अडकले असते. पण अर्जात नसलेलं भाडं आज पुढे करता येत नाही, म्हणून तो जुना अर्ज शोधून बघा.

ओवरी:
कंपनीच्या यादीत १६ नावं आहेत. १४ कामगार आणि दोघे मालक.

पगारपत्रक:
दोन नावं काढा. इथेच आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

५० टक्क्यांहून जास्त मालकी असलेल्याच्या नातेवाइकांचा पगार चालत नाही. मालकाचा स्वतःचा पगार सरळ नियमात नाकारलेला नाही, पण मालकी नात्यातून वाहते. नवऱ्याचा भाऊ कोल्हापूरला शेती करत असेल, त्याचा या रेस्टॉरंटशी काडीचा संबंध नसेल, तरी कायद्याच्या दृष्टीने तो भावाच्या शेअर्सचा मालक मानला जातो. झालं, मग आपला माणूस 'बहुसंख्य मालकाचा भाऊ' ठरला, आणि त्याची बायको 'मालकाची वहिनी'. दोघांचाही पगार बाद. आई-वडील हयात असतील किंवा पोटी मूल असेल तरी तेच. भाऊ, बहीण, आई-वडील, मूल यांपैकी कोणीच नसेल तरच पगार धरता येतो. नोटीस २०२१-४९ मध्ये हे उदाहरणांसह आहे.

भाचा, पुतण्या, मेहुणा, सासू कामाला असतील तर त्यांचेही काढा. एकमेकांच्या नात्यात नसलेले दोन मित्र बरोबर ५०-५० टक्क्यांवर कॉर्पोरेशन चालवत असतील, तर मात्र कोणीच ५० च्या वर नाही, दोघांचे पगार चालतात.

ओवरी:
दोघांचेही आई-वडील आहेत, आणि मुलगी आहे.

खातेवही:
मग दुसऱ्या तिमाहीच्या उत्तरात ती रक्कम आपणहून कमी करून दाखवा. मालकांचा पगार तिमाहीला १०,००० च्या वर असेल तर ७,००० गुणिले दोन, १४,०००. स्वतःहून कमी केलेल्या हिशोबावर तपासणाऱ्याचा विश्वास बसतो.

आलेल्या पैशांतही ते आहेच: २०२० चे माणशी ५,००० आणि २०२१ च्या पहिल्या तिमाहीचे माणशी ७,०००, म्हणजे दोघांचे २४,०००. दामदुपटीची भीती घालणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, पण दडवूही नका. स्वेच्छेने परत करण्याच्या दोन्ही योजना संपल्या, पहिली मार्च २०२४ मध्ये, दुसरी २२ नोव्हेंबर २०२४ ला. आता टॅक्स वकिलाकडे जाऊन परतफेडीचा मार्ग ठरवा. क्लेम भरणाऱ्या कंपनीकडे नको.

कढीलिंब:
ज्यांचा क्लेम चुकीचा आहे पण पैसे अजून आलेच नाहीत त्यांनी?

खातेवही:
मागे घेता येतो, पूर्ण तिमाहीचा, आणि त्या ९४१-एक्समध्ये ईआरसीशिवाय दुसरी दुरुस्ती नसेल तर. पहिल्या पानाच्या प्रतीवर डाव्या समासात 'विथड्रॉन' लिहायचं, उजव्या समासात सही, तारीख, नाव, हुद्दा, आणि फॅक्स. चेक आलाय पण वटवला नसेल तर मागे 'व्हॉइड' लिहून तोही परत पाठवायचा. दंड-व्याज लागत नाही, क्लेम केलाच नव्हता असं धरतात.

मोगरा_टेक्सास:
इन्कम टॅक्सचा प्रश्न राहिला.

पगारपत्रक:
मूळ नियम: जेवढं क्रेडिट, तेवढा त्या वर्षीचा पगाराचा खर्च कमी. म्हणजे २०२० आणि २०२१ चे ११२०-एस आणि मागोमाग मालकांचे १०४० (वैयक्तिक रिटर्न) दुरुस्त करायचे. ज्यांनी ते केलं नाही त्यांना मार्च २०२५ पासून आयआरएसच्या खुलाशानुसार मोकळीक आहे: पैसे ज्या वर्षी मिळाले त्या वर्षी तेवढी रक्कम उत्पन्नात दाखवा. उलट बाजूही आहे. कोणी खर्च आधीच कमी केला आणि क्लेम नाकारला गेला, तो पुढे लढायचाही नाही, तर नाकारला गेलेल्या वर्षी तो खर्च परत धरता येतो. चेकसोबत आलेलं व्याज वेगळं, ते मिळालेल्या वर्षीचं उत्पन्न.

डलासकर:
@खातेवही, तिसऱ्या तिमाहीचा घोळ सांगायचा राहिला.

खातेवही:
४ जुलै २०२५ च्या कायद्याने २०२१ च्या तिसऱ्या आणि चौथ्या तिमाहीचे जे क्लेम ३१ जानेवारी २०२४ नंतर दाखल झाले आणि तोवर मंजूर झाले नव्हते, ते सगळे बंद केले. पात्र असा की नसा. आधीचे क्लेम वाचले, पण त्यांच्या तपासणीची मुदत सहा वर्षांवर गेली, क्लेम केल्याच्या तारखेपासूनही मोजतात. त्यामुळे या दोन तिमाह्यांचे कागद तितकी वर्षं ठेवायचेच.

म्हणून @ओवरी, तिसरा फॉर्म नक्की कधी गेला? आयआरएसच्या बिझनेस अकाउंटमधून त्या तिमाहीचं ९४१ चं ट्रान्सक्रिप्ट काढा, कोड ९७७ समोर दुरुस्त फॉर्म पोचल्याची तारीख असते. सर्टिफाइड मेलची पावती असेल तर तीही. दाखल तारीखच चुकीची लावली असेल तर त्याविरुद्ध अपील करता येतं.

ओवरी:
फाइल काढली. फॉर्मवरची सही २६ जानेवारी २०२४ ची आहे. पोस्टाचा शिक्का ४ मार्च २०२४ चा.

खातेवही:
सहीची तारीख उपयोगाची नाही, शिक्का बघतात. पाच आठवड्यांहून जास्त कागद त्या कंपनीच्या टेबलावर पडून राहिला आणि पात्र असलेली तिमाही गेली. वाईट वाटतं. त्यांच्याशी झालेल्या करारात दाखल करण्याची मुदत लिहिलेली असेल तर तो करार वकिलाला दाखवा, आणि त्या तिमाहीचं कमिशन अजून दिलं नसेल तर देऊ नका.

ओवरी:
करारात 'सही मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत' असं आहे. वकिलाची वेळ घेतली. ९०७ आज भरतेय, दुसऱ्या तिमाहीचा हिशोब १४ नावांवर नव्याने मांडून परवा इथे टाकते, नजर घाला.

पगारपत्रक:
टाका. पेरोल रजिस्टरमधून माणशी, आठवडावार काढा, तिमाहीची बेरीज नको. आणि पीपीपीच्या २४ आठवड्यांची सुरुवात-शेवट वर लिहा. कर्ज २०२० चं असल्याने ते या तिमाहीत यायला नको, पण २०२१ मध्ये दुसरं कर्ज घेतलं होतं का तेवढं बघा.

ओवरी:
नव्हतं घेतलं.

पगारपत्रक:
मग सगळा पगार मोकळा.